तिसऱ्या रांगेतलं ‘अंहं’

मिरजेच्या वीज मंडळात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या जगन्नाथराव बोंद्र्यांना कोणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर ते सांगत, "मी ऐकतो." विचारणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला प्रश्न नीट कळला नाही. तो पुन्हा, मोठ्याने विचारी. मग अण्णा (जगन्नाथरावांना सगळे अण्णाच म्हणत) तेवढ्याच शांतपणे म्हणत, "ऐकलं मी. तेच सांगतोय."

त्यांना स्वतःला एक सूर धड लावता येत नव्हता. घरच्या आरतीत त्यांच्या हाती फक्त झांजा देत, आणि त्याही "अण्णा, हळू" असं बजावून. पण मिरजेत कुठेही मैफल असो, पहिल्या रांगेत डाव्या खांबाला टेकून त्यांची जागा ठरलेली. गवई तंबोरे जुळवता जुळवता विचारत, "जगन्नाथराव आले का?" आले असले की त्यांना बरं वाटे आणि थोडी धास्तीही वाटे. कारण अण्णांची दाद खोटी नसे. जागा साधली तर "हां". सुंदर साधली तर "वा". काळजाला भिडली तर "जियो". त्याच्याही पलीकडचं काही घडलं तर अण्णा बोलतच नसत. नुसता उजवा हात वर जाई आणि तिथेच थांबे. असा हात उभ्या आयुष्यात चारदा वर गेला होता, आणि त्या चारही तारखा त्यांना पाठ होत्या. जागा चुकली तर मात्र नाकातून, अगदी हळू, "अंहं".

बायको गेल्यावर २००३ साली त्यांच्या मुलाने, राजीवने, त्यांना नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला आपल्या घरी आणलं. इथे म्हाताऱ्या माणसाला ऐकायला काही नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. अण्णा ऐकतच होते. शेजाऱ्याचं पानं उडवायचं यंत्र सुरू झालं की ते मागच्या डेकवर जाऊन बसत आणि पंधरा मिनिटांनी आत येऊन सांगत, "सूर धरून असतो बिचारा. पण पुढे जात नाही." मायक्रोवेव्हची शिट्टी त्यांना पसंत होती. गराजचं दार वर जाताना त्याला "हां" मिळे, खाली येताना "अंहं". शेवटी राजीवने दाराला तेल घातलं, तेव्हा अण्णा दोन दिवस घुश्शात होते. म्हणाले, "बरा चालला होता, तेवढ्यात गळा कापलास त्याचा."

हे सगळं सांभाळायचं काम सुनेकडे, विनीताकडे होतं. विनीता मुळातच काळजी करणारी. विमान वेळेवर सुटलं तरी तिला शंका यायची, की घाईत काहीतरी लावायचं विसरले असतील. अण्णांना चारचौघांत न्यायचं म्हटलं की ती निमित्तं शोधू लागे, आणि त्याला कारणंही होती. एकदा ते नुसते भेटीला आले असताना सहावीतल्या नातीच्या शाळेत बँडचा कार्यक्रम होता. सियाने क्लॅरिनेटवर एक लांब सूर नीट धरला आणि चारशे पालकांच्या शांततेत अण्णा ओरडले, "जियो!" शाळेतून घरी चिठ्ठी आली. पुढे कॅरीत राहायला आल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका बाईंनी दोन तास नाट्यगीतं म्हटली. अण्णा दोन्ही तास मूर्तीसारखे बसले. त्या बाईंचे यजमान अजून ग्रोसरीच्या दुकानात विनीता दिसली की डाळींच्या रांगेत वळतात. म्हणजे अण्णा बोलले तरी पंचाईत आणि न बोलले तरी पंचाईत. विनीताने कानाला खडा लावला होता. पुन्हा त्यांना कुठल्याही कार्यक्रमाला न्यायचं नाही.

आणि मग २००६च्या सप्टेंबरात सियाचा फोन आला.

सिया तेवीस वर्षांची. बायोमेडिकल इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून ती साउंड रेकॉर्डिंग शिकली होती आणि जवळच्या डरम शहरातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत कामाप्रमाणे पैसे घेऊन काम करत होती. इंजिनिअरिंग सोडल्याचं दुःख विनीताने गिळलं होतं. गिळता येत नव्हती ती वेगळीच गोष्ट. शिक्षण संपल्याबरोबर सियाचं नाव राजीवच्या हेल्थ इन्शुरन्समधून निघालं होतं. एप्रिलपासून विनीताची एकुलती एक मुलगी या देशात उघडी हिंडत होती. फोनवर शिंक ऐकू आली तरी विनीताला हॉस्पिटलचा दरवाजा दिसे. तिने सियाला सायकल, शिडी, कच्चा मासा आणि बर्फावरचं स्केटिंग बंद केलं होतं.

"आई, मी फूटपाथवर चालू शकते का?" सियाने एकदा विचारलं होतं.

"कडेने चाल," विनीता म्हणाली होती. तिला त्यात विनोद दिसला नव्हता.

फोनवर सिया म्हणाली, "आई, ऐक. एक लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. हर्शेल पिटमन, टेक्सासचा ब्लूज गिटारिस्ट. ही इज सेव्हन्टी-सिक्स. आणि या वेळी लीड मी आहे, आय अ‍ॅम इन चार्ज. आमचा बॉस डग्लस म्हणालाय, अल्बम नीट झाला तर एक ऑक्टोबरपासून पर्मनंट."

"म्हणजे इन्शुरन्स?"

"हो, फुल."

"दातांसकट?"

"आई! ... हो, आय थिंक. रविवारी दुपारी तीनला आहे. बाबाचं ऑफिसचं काम असेल तर राहू दे, पण आजोबांना घेऊन ये. दोन सीट्स ठेवल्यायत. तिसरी रांग."

विनीताच्या हातातली पळी आमटीत पडली. "आजोबांना? सिया, रेकॉर्डिंग आहे ना? माइक असतील ना?"

"एकोणीस," सिया अभिमानाने म्हणाली.

त्या रात्री विनीताने राजीवपुढे गाऱ्हाणं मांडलं. राजीव म्हणाला, "अगं, पोरगी बोलावतेय प्रेमाने. तोंडात काहीतरी देऊन ठेव त्यांच्या."

राजीव हे सहज बोलून गेला, पण विनीताने ते मनावर घेतलं. तोंडात काय द्यायचं? सुपारी कडाकडा वाजते. चॉकलेट दोन मिनिटांत संपतं. च्युइंग गम अण्णा गिळून टाकतील आणि त्यांच्या पोटाची काळजी सुरू होईल. उरली खडीसाखर, दोऱ्यावरची, मोठ्या खड्यांची. अण्णांची शुगर बॉर्डरवर होती. विनीता डब्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. एका हातात सासऱ्यांची शुगर, दुसऱ्या हातात मुलीचा इन्शुरन्स. अखेर तिने बोराएवढे सात खडे निवडून डबीत भरले आणि मनातल्या मनात डॉक्टरांची माफी मागितली. अण्णांचा इन्शुरन्स तरी होता.

"अण्णा, तिथे एक शब्द बोलायचा नाही," गाडीत तिने सांगितलं. "सियाच्या नोकरीचा प्रश्न आहे. खोकलासुद्धा नको."

"गवई कुठला?"

"गवई नाही, गिटार वाजवतात. टेक्सासचे."

"टेक्सास घराणं," अण्णांनी मान डोलावली. "लांबून आलाय माणूस. बरं, नाही बोलत. पण तो चांगला वाजवायला लागला तर?"

"तरी नाही."

"आणि वाईट?"

"तेव्हा तर मुळीच नाही!"

कार्यक्रम तंबाखूच्या एका जुन्या गोदामात होता. आता तिथे लाकडी जमीन, खुर्च्या आणि मंद दिवे होते. दाराशी पाटी होती: आजचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत आहे, कृपया पूर्ण शांतता पाळा, टाळ्या गाणं संपल्यावरच. पाटीखाली टोपलीभर खोकल्याच्या गोळ्या. माणसं मूठ मूठ गोळ्या घेऊन, चवड्यांवर चालत आपापल्या जागी बसत होती. विनीताला ते बघून फार बरं वाटलं. मग ती तिसऱ्या रांगेत पोचली. अण्णांच्या खुर्चीशेजारी, हाताच्या अंतरावर, उंच दांड्यावर एक माइक उभा होता. विनीताने पर्सची चेन उघडली, तिचा आवाज ऐकून घाबरली, आणि पुढचे दोन तास पर्स उघडीच मांडीवर ठेवायची असं ठरवून पहिला खडा अण्णांच्या तोंडात दिला.

हर्शेल पिटमन म्हणजे काठीसारखा उंच, काळा म्हातारा. पांढरी हॅट, तपकिरी सूट, लाल गिटार. खुर्चीवर बसला, पाय आपटला, सुरू झाला. मागे एक ढोलवाला आणि एक जाड तारांची गिटार वाजवणारा होते, आणि ते आपण बसची वाट बघत असल्यासारखे दिसत होते. पिटमन वाजवे, गाणं संपे, दोनशे माणसं मोजून आठ सेकंद टाळ्या वाजवत आणि पुन्हा चिडीचूप. दुसरं गाणं. टाळ्या. तिसरं. पिटमन दोन ओळींच्या मधे थांबून हॉलकडे बघे, जणू दार वाजवून उघडायची वाट बघतोय. कोणी उघडत नव्हतं.

अण्णा बोटांच्या पेरांवर मोजत होते. खडा एका गालात सारून ते कुजबुजले, "बाराचं आवर्तन आहे. सम येते आणि जाते. ही माणसं आहेत की खुर्च्या?"

"शू!" विनीता म्हणाली. पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या गृहस्थाने मागे वळून तिच्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या गाण्यापर्यंत विनीतालाही कळलं, की हे बरं चाललेलं नाही. तिला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण थंड झालेली आमटी तिला न चाखता ओळखता येई. तिने मागे वळून पाहिलं. भिंतीजवळच्या काचेच्या खोलीत सिया कानांवर हेडफोन लावून बसली होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या डग्लसने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. विनीताच्या डोळ्यांसमोर एक ऑक्टोबर आला आणि सिया शिडीवरून पडताना दिसली. शिडी कुठून आली, कोण जाणे.

सहावं गाणं संथ होतं. पिटमनने एक सूर ओढला, वर चढवला, चढवला, आणि मधेच थांबला. हॉलमधे कोणी श्वास घेत नव्हतं. विनीताला वाटलं, या बिचाऱ्या माणसाला कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं. आता. नाहीतर संपलंच सगळं. अण्णा तर खडा चघळत होते.

"वा!" विनीता म्हणाली.

स्वतःच्या आवाजाने ती इतकी दचकली, की मांडीवरच्या पर्समधली उघडी डबी उपडी झाली आणि खडीसाखर लाकडी जमिनीवरून टणटणत गेली. अण्णांनी तिच्याकडे वळून पाहिलं. अशा नजरेने त्यांनी तिला, तिने त्यांच्या श्रीखंडात चुकून मीठ घातलं होतं, त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. सूर अजून पोचायचा होता. अर्ध्या वाटेवर दाद! बोंद्र्यांच्या घरातून! त्यांनी तोंडातला खडा काढून तळहातावर घेतला आणि सुनेला स्पष्ट सांगितलं,

"अंहं."

पिटमनचा हात तारांवरच थांबला. ढोलवाला आणखी दोन ठोके वाजवून थांबला.

"कोण म्हणालं ते?" पिटमनने विचारलं.

दोनशे माणसांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. चष्मेवाल्याने तर बोटच दाखवलं. अण्णा उठून उभे राहिले, कारण कलावंताने विचारल्यावर बसून बोलायचं नसतं.

"नो?" पिटमनने हॅट मागे सारली.

अण्णा गोंधळले. ते ‘अंहं’ त्याच्यासाठी नव्हतंच. पण आत्ताच्या आत्ता हे इंग्रजीत कसं समजवायचं? आणि सूर पोचल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं, हेही खरं होतं. ते म्हणाले, "नॉट यट."

पिटमनने हॅट पुन्हा पुढे ओढली. मग तोच सूर पुन्हा घेतला, वर चढवला.

"अंहं," अण्णा म्हणाले. आता मात्र ते त्याच्यासाठी होतं.

पिटमनने खुर्ची उचलून मंचाच्या कडेला, अण्णांच्या समोर आणून ठेवली. डावं बोट तारेवर दाबलं, तार वाकवली, आणखी वाकवली, आणि तो सूर असा जाऊन बसला की विनीताच्यासुद्धा अंगावर काटा आला.

"हां!" अण्णा म्हणाले.

"हां," पिटमन म्हणाला, अगदी तसंच, नाकातून.

त्यानंतर त्या हॉलमधे दोनच माणसं होती. एक वाजवत होता, दुसरा हातावर आवर्तन मोजत होता. "वा" गेला, "व्वा" गेला, "जियो" गेला. पिटमन एखादी जागा मुद्दाम अर्धी सोडून भुवया उडवी, आणि अण्णा मान हलवून "चल, चल, पुढे" म्हणत. ढोलवाला सरळ होऊन बसला. मागून कोणीतरी "येस, सर!" ओरडलं. मग चष्मेवाला गृहस्थ उठून "जियो!" असं ओरडला. त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण जागा बरोबर होती. विनीता गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखालून खडीसाखर गोळा करत होती. आता ती वर तोंड काढणार नव्हती. गाणं चार मिनिटांचं होतं. ते बावीस मिनिटं चाललं. शेवटी पिटमनने एकच सूर इतका बारीक केला, की तो थांबला की चालू आहे ते कळेना, आणि खुर्च्यांखालून विनीताला अण्णांचा उजवा हात वर गेलेला दिसला. पाचवा.

कार्यक्रम संपल्यावर डग्लस धावतच आला. विनीता माफी मागायला उभी राहिली. तिने चार वाक्यं तयार ठेवली होती. पण डग्लस अण्णांचा हात धरून हलवतच राहिला. पहिली पाच गाणी कचऱ्यात गेली, तो म्हणाला, पण त्यानंतरचं सगळं सोनं आहे! फक्त दोन आवाज इतके स्पष्ट आलेत, की दोघांच्या लेखी परवानगीशिवाय अल्बम काढता येणार नाही. त्याने कागद पुढे केले.

"आई, तो ‘वा’ तू होतीस?" सिया हसू दाबत होती. "माझ्या कानातच ओरडलीस. आय ऑलमोस्ट डाइड."

"मरण्याच्या गोष्टी करू नकोस, इन्शुरन्स नाहीये," विनीता म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"आजोबा!"

"ते पहिलं ‘अंहं’ तुझ्या आईला होतं. हा अल्बम जगभर जाईल. लोक म्हणतील, बोंद्र्यांनी कलावंताला कारण नसताना नाकारलं. ते खोटं आहे. खोटी दाद मी दिलेली नाही, तर खोटी नापसंती कशी देऊ? तेवढं काढून टाका."

"ते नाही निघत, आजोबा! ते एकोणीसच्या एकोणीस माइक्समधे आहे. आणि त्याच्यामुळेच तर तो थांबतो!"

"मग मला त्यांना सांगू दे."

"अण्णा," विनीता रडकुंडीला आली होती, "चूक माझी आहे. मी देते हवं तर लिहून. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे हो."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "तिच्या पहिल्याच कामात खोटं नको."

पिटमन मंचामागे पाय बादलीत सोडून बसला होता. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. सिया इंग्रजी करत होती. पिटमनने विनीताकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मी बरोबर होतो?"

"ते मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. "माझं लक्ष सुनेकडे गेलं होतं. पुढे तो सूर कुठे पोचला, ते मी ऐकलंच नाही." आणि हे सांगताना त्यांची मान खाली गेली. कार्यक्रमात बसून न ऐकण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"मग जा आणि ऐका," पिटमन म्हणाला. "मलाही सांगा."

तेव्हा सियाने आजोबांना काचेच्या खोलीत नेलं आणि मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. अण्णांची टोपी अडचण करत होती. त्यांनी ती विनीताच्या हातात दिली. पिटमन ओल्या पावलांनी दारात येऊन उभा राहिला. डग्लस घड्याळ बघत होता. विनीताने पाण्यात बुडवता येतील असे सगळे देव मनातल्या मनात बुडवले. तो सूर तिला ऐकू येत नव्हता, फक्त अण्णांचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"परत," अण्णा म्हणाले.

सियाने परत लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकून अण्णांनी हेडफोन काढले, नीट टेबलावर ठेवले आणि पिटमनकडे वळले.

"अंहं," ते म्हणाले. "थोडा कमी होता. एक केसभर."

"एकोणीसशे एकाहत्तरपासून मी तो कमीच वाजवतोय," पिटमन म्हणाला. "कोणी काही बोललं नाही." आणि तो आपल्या बादलीकडे परत गेला.

अण्णांनी सही केली. कागदावर रकाना होता, या ध्वनिमुद्रणात आपण काय वाजवलं. तिथे त्यांनी इंग्रजीत ‘लिसनर’ असं लिहिलं. मग विनीताचा कागद मागून घेतला, तिचा रिकामा रकाना बघितला आणि तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘लर्निंग’. अल्बमच्या पाठीवर दोन्ही नावं तशीच छापली आहेत.

सियाला नोकरी लागली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅरीच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं, कारण मुलीच्या भाड्याच्या घराच्या पत्रपेटीवर विनीताचा भरवसा नव्हता. तिने ते स्वयंपाकघरात, सुरीने, अगदी सावकाश उघडलं. आत प्लास्टिकचं कार्ड होतं. कार्डावर सियाचं नाव, आणि बोंद्रेचं स्पेलिंगसुद्धा बरोबर.

"वा!" विनीता म्हणाली. या वेळी तिला लाज वाटली नाही.

"अंहं," बाहेरच्या खोलीतून अण्णा म्हणाले. "आधी पूर्ण वाच."

कार्डाबरोबर चाळीस पानांची पुस्तिका होती. विनीता चष्मा लावून उभ्या उभ्या वाचू लागली. डोळ्यांचा इन्शुरन्स वेगळा होता. दातांचा वेगळा होता. सतराव्या पानावर ती थांबली आणि ओट्याला टेकली.

"अण्णा," ती म्हणाली, "यात कान नाहीत."

बाहेर राजीवची गाडी आली. मग गराजचं दार पुन्हा पूर्वीसारखं कुरकुरत वर जायला लागलं, आणि दोघंही ऐकू लागले.